डोंगर दरवर्षी पेटतो; विझवायचा कसा, आणि पेटूच नये म्हणून काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याच्या अलीकडे. गावामागचा डोंगर गेली सहा-सात वर्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये न चुकता पेटतो. गावाने लावलेल्या हजारभर रोपांतली निम्मी मागच्या उन्हाळ्यात जळाली. यंदा विझवायला गेलेल्या एका मुलाचे पाय भाजले. वनरक्षक एकटा, त्याच्याकडे तीन गावं. ग्रामपंचायतीकडे थोडा निधी आहे. त्यातून ब्लोअर (हवेच्या झोताने पाचोळा उडवणारी यंत्रं) घ्यावेत का, उपग्रहावरून येणारे आगीचे संदेश कामाचे आहेत का, आणि डोंगर वाचवायला नेमकं काय करावं?

मी वनरक्षक म्हणून नोकरीला लागलो आणि बत्तीस वर्षांनी वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झालो. अर्धी नोकरी मेळघाट आणि गडचिरोलीत गेली, उरलेली तुमच्याच बाजूच्या डोंगरांत. ब्लोअरचं उत्तर शेवटी देतो. ते आधी दिलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही, आणि पुढचं जास्त महत्त्वाचं आहे.

आधी एक समजूत काढून टाकू. बांबूवर बांबू घासून वणवा लागतो, हे मला प्रत्येक गावात कोणी ना कोणी सांगितलं. बत्तीस वर्षांत अशी एकही आग मी पाहिली नाही. विजेचं म्हणाल तर आपल्याकडे वीज येते ती वळवाच्या पावसाबरोबर, म्हणजे आग लावणारा आणि विझवणारा जोडीनेच येतात. उरली माणसं. आपल्या रानातली जवळजवळ प्रत्येक आग माणसाच्या हातून लागते. पंचनाम्यात आम्ही ‘अज्ञात इसमाने’ असं लिहितो, पण चावडीवर बसलेल्यांना तो इसम बहुतेक वेळा माहीत असतो. त्याचं नाव मला कधी फारसं कामाला आलं नाही. त्याने काडी का ओढली, हे कळलं की मात्र पुढच्या वर्षीची आग थांबवता आली.

गडचिरोलीत मार्च लागला की मोह गळायला लागतो. पहाटे बाई टोपली घेऊन झाडाखाली जाते. खाली सागाचा, ऐनाचा वीतभर पाचोळा. त्यात फिकट पिवळं फूल शोधायचं कसं? मग ती झाडाखालचा पाचोळा पेटवून देते, जागा स्वच्छ होते, दुसऱ्या दिवशीपासून फूल वेचता येतं. तिला जंगल जाळायचं नसतं, दहा हात जागा हवी असते. पण दुपारी वारा सुटतो आणि दहा हातांचे दहा हेक्टर होतात. अशा बाईला भाषण देऊन काही होत नाही. आम्ही काही गावांत झाडाखाली बांधायला जाळी दिली, काही ठिकाणी नुसतं एवढं ठरवलं की पाचोळा झाडून बुंध्यापासून लांब गोळा करायचा आणि जाळायचाच असेल तर पहाटे, दवात, शेजारी माणूस उभा करून. जाळीत फूल मातीला लागत नाही, म्हणून व्यापारी चार पैसे जास्त देतो. तिथे आग आपोआप कमी झाली. चार पैशांचं गणित पोस्टरपेक्षा जास्त चालतं.

तेंदूपत्त्याचंही तसंच. तेंदूला आग लागून गेली की बुंध्यातून, मुळांतून कोवळे फुटवे जोरात येतात. विडीला तीच पानं हवी असतात. म्हणून ठेकेदाराची माणसं पूर्वी सर्रास आग लावत. आता हेच काम छाटणीने होतं: फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत झुडूप जमिनीलगत तासलं की साधारण ४०-४५ दिवसांत पान तोडणीला येतं. छाटणीला मजुरी लागते, काडीला लागत नाही. सगळं भांडण एवढंच आहे. वनहक्क मिळाल्यावर अनेक ग्रामसभा तेंदूचा व्यवहार स्वतः करू लागल्या, आणि त्यांतल्या काहींनी व्यापाऱ्याच्या करारातच आग न लावण्याची अट घातली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर तेंदू तोडणंच बंद केलं. छाटणी आणि आगीने जंगलाचं नुकसान होतं आणि तेंदूची फळं पाखरांना राहत नाहीत, असा त्यांचा हिशेब. उत्पन्न ते बांबूतून घेतात. प्रत्येक गावाला हे जमेल असं नाही. पण ज्या गावाचा जंगलावर हक्क असतो, ते गाव आग विझवायला आमच्या आधी पोचतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता तुमचा डोंगर. तिथे मोह नाही, तेंदूचा बाजार नाही. तिथे गवत आहे.

गवत जाळलं की पुढच्या वर्षी जोमाने उगवतं, ही घाटातली जुनी समजूत. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कारण म्हातारा गुराखी मला लगेच जळलेल्या डोंगरावर फुटलेले हिरवे कोंब दाखवील. कोंब येतात हे खरं. वरचं वाळलेलं छप्पर गेल्यामुळे ते लवकर डोळ्यांत भरतात आणि जमीन उघडी पडल्यामुळे मुळांतला उरलासुरला ओलावा वापरून लवकर फुटतात. पण दरवर्षी जाळलेल्या डोंगरावर पाच-दहा वर्षांनी काय उरतं ते बघा. पवन्या, मारवेल अशी गुरांना आवडणारी गवतं मागे पडतात आणि कुसळी वाढते, कारण कुसळीला आग मानवते. तिचं कुसळ पीळ घेत जमिनीत शिरतं, बी आगीखाली सुरक्षित राहतं. गुरं कुसळी कोवळी असतानाच खातात, नंतर कुसळं तोंडात रुततात. म्हणजे चाऱ्यासाठी जाळायचं आणि चाराच घालवायचा. राखेचं खत म्हणाल तर उतारावरची राख पहिल्या वळवात ओढ्यात जाते, आणि तिच्याबरोबर मातीही. हे गुराख्याला सांगताना पुस्तकातलं सांगू नका. जळलेल्या आणि पाच वर्षं न जळलेल्या अशा दोन तुकड्यांवर त्याला घेऊन जा. तो गवत ओळखतो, तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ओळखतो.

मात्र तुमच्या डोंगरावर गुराखीच दोषी आहे, असं मी धरून चालणार नाही. आता गुरं आहेत कुठे? तीस वर्षांपूर्वी मी त्या भागात आलो तेव्हा दिवाळीनंतर अख्खा डोंगर विळ्याने कापला जायचा. घरागणिक चार-सहा जनावरं, गवताच्या गंजी, घराच्या शाकारणीलाही गवत. लाकूडफाटा चुलीत जायचा. आता पोरं पुण्या-मुंबईत, गोठे रिकामे, घरावर पत्रा, चुलीच्या जागी सिलिंडर. कोणी काही वाईट केलं नाही, पण कंबरभर वाळलेलं गवत मे महिन्यापर्यंत डोंगरावर उभं राहतं. पूर्वीची आग गुडघ्याएवढी असायची, आताची डोक्यावरून जाते. आणि विझवायला गावात साठीच्या पुढचीच माणसं. वणवे वाढले म्हणतात त्यात हवामानाचा वाटा आहेच, पण हे उभं गवतही त्यात मोजा.

त्या गवतात ठिणगी पडायला कारणं भरपूर. शेताचा बांध पेटवला आणि जेवायला घरी गेला. भाताच्या राबाची, म्हणजे रोपं टाकायच्या जागेची, भाजणी वाऱ्यात केली. फार्महाउसचा प्लॉट मजूर लावून साफ करण्याऐवजी काडीने साफ केला. ही अलीकडची मोठी भर. ससा-डुक्कर उठवायला शिकार करणाऱ्यांनी एक बाजू पेटवली. मोहोळ काढायला धूर केला. रस्त्यावरून गाडीतून विडी-सिगारेट टाकली. गडावर मुक्काम करणाऱ्यांनी तीन दगडांची चूल केली आणि पाणी ओतून विझवली नाही. लग्नाच्या वरातीतला बाण डोंगरावर पडला. आणि एक कारण कोणी बोलत नाही: राग. खात्याने गुरं अडवली, केस केली, रोपवनासाठी चराई बंद केली, की पुढच्या मार्चमध्ये नेमकं तेच रोपवन पेटतं. तुमची रोपं जिथे जळाली ती जागा आधी कोणाच्या वापरात होती, हे एकदा शांतपणे विचारा. उत्तर अवघड असलं तरी विचारा.

म्हणून दिवाळीनंतरच्या पंधरा दिवसांत एक संध्याकाळ काढा आणि गेल्या पाच वर्षांच्या आगी गावाच्या नकाशावर मांडा. आग कुठे सुरू झाली, कोणत्या महिन्यात, सकाळी की संध्याकाळी. म्हाताऱ्या माणसांना सगळं आठवतं. बहुतेक आगी दोन-तीन ठिकाणांहूनच सुरू होतात, असं तुमच्या लक्षात येईल. एखादी पायवाट, एखादा बांध, रस्त्याचं एखादं वळण. डोंगर हजार एकरांचा असला तरी राखायच्या जागा एवढ्याच असतात.

मग गवत कमी करणं. कापून न्यायला कोणी तयार असेल तर फुकट नेऊ द्या. शेजारच्या गावात दूधधंदा असेल, गोशाळा असेल, त्यांना बोलवा. वनजमीन असेल तर संयुक्त वनव्यवस्थापन समितीमार्फत आणि वनपालांशी बोलून करा, नाहीतर गवत कापणाऱ्यावरच केस व्हायची. सगळा डोंगर कापून होणार नाही. रोपांभोवतीचा आणि त्या दोन-तीन जागांलगतचा पट्टा झाला तरी पुष्कळ.

यानंतर जाळरेषा. हे काम नीट समजून घ्या, कारण कागदावर सगळीकडे जाळरेषा असतात आणि आग त्यांच्यावरून उडी मारून जाते. जाळरेषा म्हणजे जिथे आगीला खायला काही नाही असा पट्टा. महाराष्ट्रात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, म्हणजे रेषा १५ फेब्रुवारीच्या आत तयार हवी. डिसेंबर-जानेवारीत दोन समांतर पट्ट्या कापायच्या, प्रत्येक मीटर-दीड मीटर रुंद, अगदी मातीपर्यंत. मधलं गवत वाळू द्यायचं आणि मग शांत हवेत, पहाटे दव असताना किंवा संध्याकाळी वारा पडल्यावर, दोन्ही पट्ट्यांवर माणसं उभी करून ते जाळायचं. पूर्ण पट्टा ६ मीटरचा झाला तर साध्या गवताला पुरतो. उताराच्या वरच्या अंगाला किंवा उंच गवतात १० ते १२ मीटर लागतात. वनजमिनीवर हे खात्याचे लोक समोर असतानाच करायचं. उत्साहाच्या भरात गावाने स्वतःच जाळरेषा जाळायला घेतली आणि तिथूनच वणवा सुटला, असंही मी पाहिलंय.

रेषा कुठून न्यायची? उताराच्या मधोमध नको. धारेवरून न्या, पायवाटेवरून न्या, ओढ्याच्या कडेने न्या, जिथे आग आपणहून मंदावते तिथून. आणि एकदा केली म्हणजे झालं असं नाही. फेब्रुवारी ते एप्रिल पानगळ चालूच असते. पळस, साग, ऐन यांची पानं रेषेवर पडत राहतात. दर पंधरा दिवसांनी झाडली नाही तर एप्रिलमध्ये ती रेषा आगीसाठी गालिचा असते. माझ्या हाताखालच्या निम्म्याअधिक रेषा इथेच फसायच्या: फेब्रुवारीत फोटो काढला, बिल निघालं, मग कोणी तिकडे फिरकलं नाही. पाचोळ्याच्या रानात हे झाडायचं काम ब्लोअर उत्तम करतो, तासाभरात दहा माणसांचं.

तुमच्या रोपांबद्दल. प्रत्येक रोपाभोवती मीटरभर आळं मातीपर्यंत स्वच्छ ठेवा. ओल टिकावी म्हणून आळ्यात गवताचं आच्छादन टाकायला सगळीकडे सांगतात. सपाट शेतात ते बरोबर आहे, पण वणव्याच्या डोंगरावर तुम्ही रोपाच्या पायाशी सरपण रचताय. आच्छादन करायचंच तर वर मातीचा थर द्या. समतल चर खणले असतील तर ते उन्हाळ्यात गवत-पाचोळ्याने भरू देऊ नका, स्वच्छ चर ही आयती छोटी जाळरेषा असते. हद्दीवर घायपात लावला तर पाच-सहा वर्षांत हिरवी भिंत तयार होते. आणि जळालेली रोपं लगेच उपटू नका. जूनपर्यंत थांबा. बुंध्यापासून फुटणारी बरीच निघतात.

आता आग लागलीच तर.

पहिला फोन वनरक्षकाला, दुसरा ‘हॅलो फॉरेस्ट’च्या १९२६ वर. मग बघायचं, धावायचं नाही. धूर कुठल्या दिशेने जातोय, उतार कुठे, आगीचं तोंड कुठे, आणि आपण मागे फिरायचं ठरवलं तर कुठून जाणार. ही पाच मिनिटं सगळ्यात महाग असतात आणि पोरं नेमकी तीच वाचवायला बघतात.

आग उतारावर वर धावते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभं राहायचं नाही. घळीत, दोन डोंगरांमधल्या खिंडीत तर मुळीच नाही. घळ म्हणजे धुराडं. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीला ११ मार्च २०१८ रोजी ट्रेकला गेलेली मुलं-मुली अशाच वाळल्या गवताच्या उतारावर आगीत सापडली आणि वीसहून अधिक जण गेले. उत्तराखंडमध्ये बिनसर अभयारण्यात जून २०२४ मध्ये आग विझवायला गेलेले चार वनकर्मचारी जागीच जळाले. हे घाबरवायला सांगत नाही. तुमच्या गावातला मुलगा पाय भाजून परत आला, हे नशीब समजा.

आगीच्या तोंडावर जायचं नाही. तिच्या शेपटीकडून, म्हणजे जिथून ती सुरू झाली तिथून, जळून काळ्या झालेल्या जमिनीवर पाय ठेवून, दोन्ही कडांनी विझवत पुढे सरकायचं. काळी जमीन ही तुमची सुरक्षित जागा, तिथे पुन्हा जळायला काही नाही. कडा दाबत नेल्या की तोंड अरुंद होत जातं आणि धारेवर, रेषेवर पोचेपर्यंत हातात येतं. डहाळीने झोडपायचं नाही, दाबून ओढायचं. जोरात उगारून मारलं की ठिणग्या उडतात आणि पाठीमागे चार नव्या आगी लागतात. डहाळी हिरवी, दाट पानांची हवी. मार्चमध्ये सागाच्या रानात हिरवी फांदी सापडतच नाही, म्हणून खालून तोडूनच न्यायची. ओलं गोणपाट चालतं. जुन्या कन्व्हेअर बेल्टचा तुकडा लांब दांड्याला बसवला की फार चांगलं झोडपणं होतं, गावातला लोहार करून देईल.

ज्वाळा डोक्याच्या वर असतील तर जवळ जायचंच नाही. पुढे जाऊन, पुरेसं अंतर राखून, रेषा साफ करायची आणि वाट बघायची. समोरून उलटी आग लावायची युक्ती तुम्ही ऐकली असेल. रेषेवरून आगीच्या दिशेने पट्टा जाळत जायचं, म्हणजे मोठी आग पोचते तोवर तिला खायला काही उरत नाही. युक्ती खरी आहे. पण ती एकाच माणसाच्या हुकमाने, वारा ओळखणाऱ्याच्या हाताने आणि दोन आगींच्या मध्ये कोणी नाही याची मोजून खात्री केल्यावरच. गावकऱ्यांनी करू नये. मी स्वतः नोकरीची पहिली दहा वर्षं ती केली नाही.

वाऱ्याचं एक गणित. तुमच्या बाजूला दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो, आग डोंगर चढते. रात्री हवा थंड होऊन उताराने खाली येते, गवतात ओल धरते, ज्वाळा बसतात. आग विझवायची खरी वेळ रात्री दहा ते सकाळी आठ. पण तुमच्या डोंगराला कडे आहेत. रात्री आग दिसते, कडा दिसत नाही. म्हणून रात्री जायचं असेल तर ज्याने त्या डोंगरावर गुरं चारलीत तोच पुढे हवा, मग त्याचं वय काही असो.

अंगावर सुती कपडे, पूर्ण बाह्या, पायात चामड्याचे बूट. नायलॉनची ट्रॅकपँट आणि टीशर्ट वितळून कातडीला चिकटतात. चपला, स्लीपर घालून येईल त्याला खालून पाणी वाहायला लावा. नाकातोंडाला कोरडं सुती फडकं बांधा. फार ओलं केलं तर धुराच्या उष्णतेत त्याची वाफ होऊन चटका बसतो. माणशी दोन लिटर पाणी, आणि ते पिण्यासाठी आहे, आगीवर ओतायला नाही. वर जाणाऱ्यांची नावं खाली एकाने लिहून घ्यायची आणि उतरताना मोजायची.

आणि विझवून झालं की घरी जायचं नाही. विदर्भातल्या एका राउंडात, म्हणजे वनपालाच्या हद्दीत, आम्ही रात्रभर झुंजून पहाटे आग बसवली. माणसं थकली होती, मी सगळ्यांना चहाला खाली आणलं. एक पोकळ, वाळलेलं खोड आतून धुमसत होतं, ते कोणी फोडून पाहिलं नाही. दुपारी दोन वाजता वारा सुटला, खोडातले निखारे पलीकडच्या बांबूत पडले, आणि पहिल्यापेक्षा दुप्पट क्षेत्र गेलं. ती चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून माझा नियम: काठापासून आत पंधरा-वीस पावलं फिरून प्रत्येक खोड, शेणाची पो, जाड फांदी हाताच्या पाठीने चाचपायची, गरम लागली की फोडून मातीत घोळायची, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथे दोन माणसं ठेवायची.

उपग्रहाच्या संदेशांबद्दल तुम्ही विचारलंय. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून आगीच्या सूचना देते. तिच्या संकेतस्थळावर नोंद केली की तुमच्या भागातल्या आगीचा संदेश फोनवर येतो, फुकट. नोंद जरूर करा. पण त्यावर विसंबू नका. या सूचना ज्याच्यावरून येतात तो उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो, त्याचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो, आणि संदेश हातात पडेपर्यंत वेळ जातो. दुपारी चारला लागून नऊला विझलेली गवताची आग त्याला दिसतच नाही. तुमच्याकडच्या बऱ्याच आगी नेमक्या अशा. त्यापेक्षा देवळाच्या टेकाडावर दुपारी बारा ते सात बसलेला, फोन चार्ज असलेला एक माणूस बरा. होळीच्या आधीचा आठवडा आणि एप्रिल-मेमधल्या लग्नाच्या तिथी, हे दिवस तरी कोणाला बसवा.

हेलिकॉप्टर मागवता येईल का, असं पुष्कळजण विचारतात. गोव्यात मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास अनेक ठिकाणी एकदम आगी लागल्या तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती. पण खाली डहाळ्या घेऊन चालणारी माणसं तेव्हाही होतीच. एका गावाच्या डोंगरासाठी तो विषय सोडून द्या.

कायद्याचं दोन ओळींत. राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, संरक्षित वनाला कलम ३३, अभयारण्यात वन्यजीव कायद्याचं कलम ३०. ज्यांना वनात काही हक्क-सवलती आहेत त्यांनी आग विझवायला मदत करणं कलम ७९ नुसार बंधनकारक आहे. मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली तर सरकार त्या वनातली चराई काही काळ बंद करू शकतं, हे फार कोणाला माहीत नसतं. मी ते कधी वापरलं नाही. एकाने काडी ओढली म्हणून गावाची गुरं कोंडायची, तर पुढच्या वर्षी दहाजण काड्या ओढतील. फार्महाउसवाल्यांना मात्र नोटिशीची प्रत दाखवा. त्यांच्यावर कागदाचा परिणाम होतो.

आणखी एक, थोडं वादाचं. आग ही नेहमीच वाईट, असं मी आता म्हणत नाही. कर्नाटकात बिळिगिरीरंगन डोंगरात सोलिगा लोक हंगामाच्या सुरुवातीला पाचोळ्याची हलकी आग लावत. अभयारण्य झाल्यावर ती बंद झाली, आणि घाणेरीचं तण माजलं ते त्यामुळेच असं तिथले जाणते सांगतात. आपल्याकडेही रानमोडी आणि घाणेरी वाढलेल्या जागी आग पूर्वीपेक्षा उंच जाते. पण लवकर, ओल असताना, पाहऱ्यात केलेली आग वेगळी आणि मार्चच्या दुपारी सुटलेला वणवा वेगळा. पहिली कशी करायची हे सांगणारी माणसं आपल्या डोंगरांत जवळजवळ संपली आहेत. गावात कोणी उरलं असेल तर त्यांच्याजवळ बसा.

आता ब्लोअर. तुमचा डोंगर गवताचा आहे, आणि उभ्या कंबरभर गवतापुढे ब्लोअर फारसं काही करू शकत नाही. आगीच्या तोंडावर मारला तर उलट तो फुंकणीचं काम करतो. कापलेल्या पट्ट्यावरचा पाचोळा उडवायला आणि कडेच्या बुटक्या ज्वाळा काळ्या बाजूला ढकलायला तो चांगला. म्हणून घ्या, पण दोनच. उरलेल्या पैशांत बारा जोड बूट, दहा रबरी झोडपणी, चार दाताळी, सहा कोयते, डोक्याला लावायचे दिवे आणि पाण्याचे कॅन. पाठीवरचा ब्लोअर टाकी भरल्यावर दहा किलोंच्या वर जातो, तो घेऊन चढ चढणारी दोन माणसं आधी ठरवा, मग मशीन घ्या. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचं ते प्रमाण खडूने नव्हे, ऑइलपेंटने मशीनवर लिहा. हंगाम संपला की टाकी रिकामी करून ठेवा, नाहीतर कार्बोरेटर बसतो. आणि जानेवारीपासून दर पंधरवड्याला एकदा चालू करून बघा. आग लागल्यावर दोरी ओढत बसलेली माणसं मी फार पाहिली आहेत.

मशीन ठेवायची खोली कुलपाची हवीच, पण किल्ली ग्रामपंचायतीच्या कपाटात नको. रविवारी ग्रामसेवक नसतो. देवळाशेजारचं जे दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, तिथे ठेवा.